मक्याची स्ट्रॉ कुठेही टाकली तरी माती होत नाही

‘मक्यापासून केलेली स्ट्रॉ आहे, गोदाकाठी टाकली तरी आपोआप कुजेल’ हा समज चुकीचा आहे. ही स्ट्रॉ बहुधा पीएलएची असते, म्हणजे वनस्पतीच्या स्टार्चपासून बनवलेले प्लास्टिकच. ते कुजायला ओलावा, हवा आणि ५८ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता कित्येक आठवडे टिकावी लागते. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे खतात कुजणाऱ्या प्लास्टिकसाठीच्या आयएसओ १७०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणीही अशाच नियंत्रित खतात होते. बाल्कनीतल्या खताच्या डब्यात एवढी धग टिकत नाही, आणि गोदावरीच्या पाण्यात तर ती स्ट्रॉ वर्षानुवर्षे तशीच पडून राहू शकते. प्लास्टिकच्या भंगारातही मिसळू नका; पेट बाटल्यांचा वितळवलेला माल तिच्यामुळे खराब होतो.

साध्या प्लास्टिक स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ‘कंपोस्टेबल’ मालाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा रसवंतीवाल्यांनी घाऊक खरेदीत ते मागावेच.

खरे तर उसाच्या रसाला स्ट्रॉ लागतच नाही, काचेचा ग्लास पुरतो. शहाळ्यासाठी स्टीलची नळी जवळ ठेवा. पिऊन झाल्याबरोबर ती पाण्याने खळखळून काढा. आत गोडवा वाळला की चिकट थर धरतो आणि मग लांब ब्रशशिवाय निघत नाही.