पडवीची पश्चिम बाजू

मे संपत आला की आमच्या रत्नागिरीकडे पडवीला झापं बांधायची घाई सुरू होते. नारळाच्या चुडतांची विणलेली झापं, सुंभाने करकचून आवळलेली. बांधायची ती पश्चिमेला आणि दक्षिणेला. पावसाची झड कुठून येणार हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती तिथूनच का येते, याचं उत्तर मात्र विषुववृत्ताच्या पलीकडे, मादागास्करच्या पूर्वेला भर समुद्रात आहे.

दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री उलट, मतलई. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. मान्सून हा याच खेळाचा थोरला अवतार, असा विचार एडमंड हॅलीने 1686 मध्ये मांडला. विचार देखणा आहे, पण अर्धा. जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात, आणि वारा जोर धरतो जुलैत, जेव्हा पावसाने जमीन गार झालेली असते. नुसत्या उन्हावर हा हिशेब जुळत नाही.

विषुववृत्ताजवळ हवा वर चढते, उंचावरून दोन्ही ध्रुवांकडे सरकते, साधारण 30 अंशांपाशी खाली उतरते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे वाहू लागते. हेच व्यापारी वारे. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे हे वारे जिथे भेटतात तो पट्टा सूर्यामागे सरकत राहतो. महासागरांवर तो फार लांब जात नाही. आपल्याकडे मात्र जुलैत थेट गंगेच्या खोऱ्यापर्यंत, सुमारे 25 अंश उत्तरेपर्यंत चढतो. मग दक्षिण गोलार्धातल्या वाऱ्यांना त्याला गाठायला विषुववृत्त ओलांडावंच लागतं.

आणि ओलांडलं की त्यांची दिशा बदलते. स्वतःभोवती फिरताना पृथ्वीचा वेग विषुववृत्तावर ताशी सुमारे 1670 किलोमीटर असतो, तर 17 अंशांवरच्या रत्नागिरीत तो 1600च्या आसपास. तिकडून आलेली हवा इथल्या जमिनीपेक्षा पूर्वेकडे जास्त वेगाने धावत असते, म्हणून ती उजवीकडे, पूर्वेला झुकते. पृथ्वीच्या फिरण्याशी वाऱ्याची सांगड जॉर्ज हॅडलीने 1735 मध्ये घातली. त्याचा हिशेब पुढे सुधारावा लागला, पण धागा त्यानेच पकडला होता. मादागास्करच्या पूर्वेला जो आग्नेय वारा असतो, तोच आपल्या दारी नैऋत्य वारा होऊन येतो.

वाटेत त्याला पूर्व आफ्रिकेचे डोंगर आडवे येतात. त्यांच्या कडेने तो सोमालियाच्या किनाऱ्याजवळ एका अरुंद, वेगवान झोतात दाटतो आणि अरबी समुद्रावरून बाष्प उचलत सह्याद्रीवर आदळतो. डोंगर चढताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर घाटापलीकडच्या माणदेशात 500च्या आसपास. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती हवेला आणखी वर लोटते आणि खालचा वारा आणखी ओढला जातो. जुलैच्या जोराचं गुपित यात आहे: तेव्हा पाऊसच वाऱ्याला बळ देत असतो.

वर गेलेली ही हवा परतही फिरते. श्रावणात पाऊस जरा उघडला की आकाशाकडे निरखून पाहा. खालचे काळे ढग सह्याद्रीकडे पळत असतात. त्यांच्या फटींतून कधी खूप उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग दिसतात, आणि ते उलटे, समुद्राकडे निघालेले असतात. तिथे, 12 ते 15 किलोमीटर उंचीवर, पूर्वेचा वेगवान वारा वाहत असतो. त्यातली बरीच हवा पुढे दक्षिणेला वळून विषुववृत्त ओलांडते आणि मादागास्करच्या पूर्वेला त्याच समुद्रावर पुन्हा खाली उतरते.