हृदयविकाराचा झटका : उतारवयातील स्त्री-पुरुषांच्या जगण्यातील फरक

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी रक्ताच्या गाठीने बंद झाली की त्या भागाचा स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका, बोलीत ‘अटॅक’, म्हणतात. पासष्टीपुढच्या माणसाला झटका आला, तर तो वाचेल की नाही हे गाठ कुठे आहे आणि किती वेळात सुटली यावर ठरते. तो माणूस बाई आहे की पुरुष यावरही ते काही अंशी ठरते. मात्र त्यातला किती भाग शरीराचा आणि किती भाग घराचा, रस्त्याचा नि दवाखान्याचा, हे वेगळे करून पाहावे लागते.

वरवर पाहता आकडे स्त्रियांच्या विरोधात जातात. अमेरिकेतील सुमारे ३ लाख ८५ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला व्हायोला व्हॅकारिनो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयातच दगावण्याचे प्रमाण स्त्रियांत १६.७ टक्के, तर पुरुषांत ११.५ टक्के होते. वयाप्रमाणे गट पाडल्यावर मात्र चित्र पालटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त होते. वय वाढत गेले तसा हा फरक आटत गेला आणि चौऱ्याहत्तरीनंतर तो म्हणण्याजोगा उरला नाही. म्हणजे म्हातारी बाई म्हाताऱ्या पुरुषापेक्षा मुळात कमकुवत, हा समज या आकड्यांवर टिकत नाही. एकूण टक्केवारी वाढलेली दिसते याचे मोठे कारण म्हणजे स्त्रिया झटक्यापर्यंत उशिरा, जास्त वयात पोचतात.

हा उशीर साधारण नऊ वर्षांचा. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून (२००४) तो दिसला. पाळी जाईपर्यंत स्त्रीच्या धमन्यांना काहीसे संरक्षण असते असे मानले जाते, मधुमेह मात्र ते बरेचसे पुसून टाकतो. झटका येतो तोवर तिला बहुधा साखर, बीपी, गुडघे आणि थकलेले मूत्रपिंड यांची सोबत झालेली असते. दक्षिण आशियात सगळेच लवकर घडते. याच अभ्यासात पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३, तर इतरत्र जवळपास ५९ निघाले. नाशिक जिल्ह्यात म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारायला हवी, ती म्हणजे मिश्री. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला त्या खरेपणाने ‘नाही’ म्हणतात आणि तंबाखूचा रकाना कोरा राहतो. प्रत्यक्षात धूर न निघणारी तंबाखूही झटक्याचा धोका वाढवते.

उशीर दोन प्रकारचा असतो. पहिला वयाचा, तो वर आला. दुसरा तासांचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते उतारवयातल्या बाईचा जीव मुख्यतः इथे जातो. अमेरिकेतील ११ लाखांहून अधिक रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात छातीत न दुखता झटका आलेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ४२ टक्के, पुरुषांत ३०.७ टक्के होते. छातीत दुखत नाही अशांचे निदान लांबते आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त होतात. वय वाढेल तसे पुरुषांतही हे लक्षण पुसट होत जाते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा हंगाम भरात असतो तेव्हाची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. घरातली कर्ती माणसे बागेत. आजी ओट्यावर बसून म्हणते, ‘जीव घाबरा होतोय, पाठीत भरून आलंय.’ सून ओवा-मीठ देते. कपाळावर दरदरून घाम येतो, तो उन्हाचा ठरतो. मळमळ होते, ते पित्त ठरते. आजीही ‘कामाच्या दिवसांत कशाला कुणाला बोलवता’ म्हणून आडवी होते. हेच आजोबांनी छातीवर मूठ दाबून सांगितले असते, तर दहा मिनिटांत गाडी निघाली असती. यात सुनेचा दोष नाही. जबडा, खांदा, पाठ, धाप आणि अचानक आलेली गळून गेल्यासारखी थकावट हीसुद्धा अटॅकची लक्षणे असतात, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

भारतातील ‘क्रिएट’ नोंदवहीत (२००८) ५० शहरांतील ८९ रुग्णालयांमधले २०,४६८ रुग्ण होते. लक्षण सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास निघाला; निम्म्या रुग्णांना त्याहून जास्त वेळ लागला. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत होतो. या रुग्णांत स्त्रिया जेमतेम पाव हिस्सा होत्या. काही अंशी स्त्रियांना झटके उशिराच येतात म्हणून, पण सगळे कारण तेवढेच असेल असे वाटत नाही. ज्या घरीच दगावल्या त्यांची नोंद रुग्णालयाच्या वहीत होत नाही.

नाशिक शहरात राहणाऱ्याला अंतर ही अडचण नाही. जिल्हा शासकीय रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये हाताशी आहेत. सुरगाण्याहून मात्र नाशिक ९० किलोमीटरच्या आसपास, तेही घाटवळणांनी. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयावरच्या उपचारांचा समावेश आहे. तरी फोन कधी करायचा, हे घरात कुणीतरी ठरवावे लागते आणि तो निर्णय आजीच्या हातात क्वचितच असतो.

दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा दंडक आहे. छातीच्या डाव्या बाजूच्या काही पट्ट्या स्तनाखाली, बरगड्यांच्या मधल्या ठरावीक जागी लावायच्या असतात. नऊवारी नेसलेली, लाजलेली आजी, आणि आसपास परिचारिका नाही. अशा वेळी पट्टी दोन बोटे वर लागली तरी आलेख बदलतो, कधी फसवतो. एक पडदा आणि एक परिचारिका एवढीच ही गरज आहे.

औषधांच्या मात्रेत फरक खरोखर शरीराचा असतो आणि तो मोजता येतो. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा कचरा, १.० आले की अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. प्रचलित कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब मांडला, तर ७५ वर्षांच्या ७० किलो वजनाच्या पुरुषाचे मूत्रपिंड मिनिटाला सुमारे ६३ मिलिलिटर रक्त गाळते. तेवढ्याच वयाच्या, ४५ किलो वजनाच्या बाईचे मूत्रपिंड मात्र सुमारे ३५. अहवाल एकच, ताकद जवळपास निम्मी. दोघांना रक्त पातळ करणारे इंजेक्शन सारख्याच मापाने दिले तर बाईला रक्तस्राव होऊ शकतो, आणि पंडुरोग असलेल्या शरीराला तो झेपत नाही. वजन न करता अंदाजाने मात्रा देणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. शिवाय तिच्या धमन्या अरुंद असतात. हृदयाची भिंत किंवा मधला पडदा फाटण्याचे, दुर्मीळ पण जीवघेणे, प्रसंग वृद्ध स्त्रियांत अधिक दिसतात. अँजिओग्राफीत मोठा अडथळा न दिसणारे झटकेही स्त्रियांत जास्त. जपानमध्ये १९९० मध्ये वर्णिलेला ताकोत्सुबो विकार, ज्यात मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदय काही काळ फुग्यासारखे फुगते, बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांनाच होतो. तो हुबेहूब अटॅकसारखा भासतो.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन, मोजण्याच्या तपासणीतही लिंगभेद आता मानला जातो. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आयच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी मर्यादा लिटरला ३४, तर स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम आहे. एकच मर्यादा लावली तर बायकांचे छोटे झटके सुटतात.

घरी गेल्यानंतरच्या वर्षांचा हिशेब वेगळा. वय आणि जोडआजार लक्षात घेतले तर झटक्यातून उठलेल्या वृद्ध स्त्रिया पुढे पुरुषांइतक्या जगतात, काही अभ्यासांत थोड्या जास्तही. पण झटका आला नसता तर त्या मुळात जास्त जगल्या असत्या, आणि त्या मापाने पाहिल्यास त्यांनी गमावलेली वर्षे अधिक भरतात. आजोबांना घरी आणल्यावर पथ्याचे जेवण, वेळेवर गोळ्या आणि गोदा पार्कला सकाळचे फिरणे लागते, कारण ते सांभाळणारी आजी घरात असते. आजीला झटका आला तर तीच पंधरा दिवसांत पोळ्या लाटायला उभी राहते, आणि ती विधवा असेल तर गोळ्यांची आठवण द्यायलाही कुणी नसते. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात आणि मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये पुन्हा गाठ होऊ शकते. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास धरणाऱ्या बाईचे त्या-त्या दिवशीचे डोस चुकत जातात, म्हणून उपवासालाही गोळी चालते, हे डॉक्टरांनी घरी सोडतानाच तिला स्वतःला सांगावे लागते, सोबत आलेल्या मुलाला नव्हे.