गोळी चालू आहे, झोप मात्र नाही

मानसिक आजारावरची औषधं चालू असताना रात्ररात्र डोळ्याला डोळा लागेनासा झाला, की बहुतेक जण डॉक्टरांना एवढंच सांगतात: झोप येत नाही. त्यावर बहुधा आणखी एक गोळी मिळते. पण या तीन शब्दांमागे निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. औषधाची वेळ चुकत असेल. औषधानंच अंगात बेचैनी उठवली असेल. मूळ आजार पुन्हा डोकं वर काढत असेल. किंवा सुरुवातीचं कारण कधीच सरलं असेल आणि शरीराला नुसती जागरणाची सवय जडली असेल. या चारही गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या अगदी उलट: एका ठिकाणी जे औषध वाढवायचं, तेच दुसऱ्या ठिकाणी कमी करायचं असतं. म्हणून झोपेची गोळी शोधण्याआधी आपलं जागरण कुठल्या प्रकारचं आहे, हे ओळखायला हवं.

झोप दोन गोष्टींवर चालते, असं प्रारूप झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं आणि ते आजही उपयोगी पडतं. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितका झोपेचा दाब साठत जातो. मेंदूत वाढत जाणारं अ‍ॅडेनोसिन हे त्यामागचं एक मुख्य रसायन. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. या दोन्हींच्या जोडीला मेंदूला जागं ठेवणारी रसायनं असतात: सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन, हिस्टामिन. मानसोपचारातली बहुतेक औषधं नेमकी यांच्यावरच काम करतात. त्यामुळे एखादी गोळी जागं ठेवते आणि दुसरी पेंगवते, यात नवल काहीच नाही.

आधी वेळ तपासा

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधं अनेकांची झोप चाळवतात. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे जास्त जाणवतं, पुढे बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. तोवर गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. वेळ बदलताना एकाच दिवसात दोन डोस पडू नयेत म्हणून मधला डोस कधी घ्यायचा, तेही तेव्हाच विचारून घ्यावं. ब्युप्रोपिऑनची दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल, तर दोन डोसांत निदान ८ तासांचं अंतर ठेवावं लागतं आणि दुसरा डोस झोपायच्या वेळेजवळ नेऊन चालत नाही. फ्लुओक्सेटिनची गोष्ट थोडी निराळी. ते शरीरात कित्येक दिवस टिकून राहतं, त्यामुळे वेळ बदलून फार फरक पडेलच असं नाही. तिथे मात्रेचा किंवा औषध बदलण्याचा विचार करावा लागतो.

गुंगी आणणाऱ्या औषधांचंही वेळेशीच नातं असतं. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन, क्वेटियापिन झोपायला मदत म्हणून दिलेली असतात, पण गोळी नऊ वाजता घेऊन पुढे दोन तास पडद्यासमोर बसलं, तर गुंगीची पहिली लाट वाया जाते. साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) क्वेटियापिन घेतल्यावर साधारण दीड तासात तिचं रक्तातलं प्रमाण सर्वाधिक होतं. ती लाट अंथरुणात आल्यावरच यावी, अशी वेळ बांधून घ्यावी. मिर्टाझापिनबद्दल एक गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटते: ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमला जितकी गुंगी येते, तितकी मोठ्या मात्रेला अनेकांना येत नाही. झोपेसाठी आपणच अर्धी गोळी वाढवून घेणं म्हणूनच उलटू शकतं. ट्रॅझोडोन आणि क्वेटियापिन उठताना रक्तदाब खाली आणतात. रात्री उठायचं झालं तर आधी मिनिटभर कडेला बसावं, मग उभं राहावं. अंधारात चक्कर येऊन पडणं ही वयस्कर माणसांच्या बाबतीत फार महागात पडणारी गोष्ट आहे.

कॉफीचा हिशेब औषधासोबत बदलतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. एरवी कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. ओसीडीसाठी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) दिलं जाणारं फ्लुवोक्सामिन यकृतातलं तेच विकर (एन्झाइम) अडवतं, जे कॅफिन मोडतं; मग त्याच कामाला तीसेक तास लागू शकतात. म्हणजे सकाळची कॉफी रात्रीही अंगात. मेलाटोनिनच्या गोळीचं रक्तातलं प्रमाणही फ्लुवोक्सामिनमुळे खूप वाढतं. पण द्विध्रुवी आजारात (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात बुडतं) दिलं जाणारं लिथियम चालू असेल, तर कॉफी एकदम तोडू नये. कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं, कॉफी अचानक थांबली की रक्तातलं लिथियम वाढतं. ती हळूहळू कमी करावी आणि डॉक्टरांना कळवावं. धूम्रपानाचंही तसंच. धुरातल्या घटकांमुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर मोडतात, सिगारेट सुटली की त्यांचं प्रमाण चढतं. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असतो, म्हणून निकोटिनची पट्टी लावून तो टळत नाही. सिगारेट सोडायलाच हवी, फक्त सोडायचा दिवस डॉक्टरांना आधी सांगून ठेवावा.

जीव एका जागी ठरत नाही

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. अ‍ॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं, कधीकधी नैराश्यावरची औषधंसुद्धा, अकॅथिसिया नावाचा त्रास देतात. माणूस बसला की उठावंसं वाटतं, उठला की चालावंसं, आडवा झाला की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. आतून कुणीतरी ढकलतंय असं रुग्ण सांगतात. बहुधा औषध सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून काही दिवसांत, काही आठवड्यांत हे सुरू होतं. बघणाऱ्याला ते अस्वस्थता किंवा मूळ आजाराचा जोर वाटतो, मग औषध वाढवलं जातं आणि तळमळ आणखी वाढते. उपाय बरोबर उलटा असतो: मात्रा कमी करणं, औषध बदलणं, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडणं, अर्थात दमा नसेल तर. डॉक्टरांना ‘घाबरल्यासारखं होतं’ असं सांगण्याऐवजी ‘मला बसवत नाही, अमुक तारखेला गोळी वाढवल्यापासून हे होतंय’ असं सांगावं. तारीख फार मोलाची असते. अकॅथिसियाच्या भरात जीव नकोसा होण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहत बसू नये.

याचा एक जवळचा नातेवाईक आहे, ‘रेस्टलेस लेग्ज’ नावाचा: फक्त पायांत वळवळ, तीही संध्याकाळनंतर, आडवं झाल्यावर, आणि चाललं की बरं वाटतं. अकॅथिसिया दिवसभर छळतो, हा त्रास रात्रीचा. मिर्टाझापिन आणि अनेक एसएसआरआय औषधांनी (सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांच्या गटातली) तो वाढतो. अशा वेळी रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासून घ्यावं. प्रयोगशाळेच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसलं, तरी या त्रासात मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार केला जातो. झोपेच्या गोळीनं हा त्रास हटत नाही. सर्दीच्या किंवा झोपेच्या औषधातलं डायफेनहायड्रामिन तर तो वाढवतं. शिवाय त्याची गुंगी काही दिवसांतच बोथट होते आणि अमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांसोबत बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं वाढतं.

ओलान्झापिन, क्वेटियापिननं वजन वाढलं असेल, मोठ्यानं घोरणं सुरू झालं असेल, सकाळी डोकं जड असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची (झोपेत श्वास मध्येमध्ये अडकण्याची) तपासणी करून घ्यावी.

थकलेला की ताजातवाना?

दोन माणसं तीन तास झोपतात. एक सकाळी पार गळून जातो, डोळे चुरचुरतात, झोप मिळावी म्हणून तळमळतो. दुसरा ताजातवाना उठतो, भराभर बोलतो, डोक्यात दहा बेत असतात, झोपेची गरजच वाटत नाही. पहिला निद्रानाश आहे. दुसरी उन्मादाची पहिली खूण असू शकते, आणि नैराश्यावरच्या औषधांनी द्विध्रुवी आजाराच्या माणसात उन्माद पेटू शकतो. अशा वेळी घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. रुग्णाला स्वतःला फार छान वाटत असतं, म्हणून तो फोन करणार नाही.

सवयीचं जागरण

आठवड्यातून निदान तीन रात्री आणि तीन महिने झोप बिघडलेली राहिली, की तिला जुनाट निद्रानाश म्हणतात. तोवर मूळ कारण बरंच मागे पडलेलं असतं आणि अंथरूण दिसलं की मेंदू सावध होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळी सुचवली नाही, सीबीटी-आय हा निद्रानाशासाठीचा विचार-वर्तनोपचार सुचवला. मानसोपचाराची औषधं चालू असतानाही तो करता येतो.

त्याची सुरुवात झोपेच्या वहीपासून होते. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, कधी उठलो, कोणती गोळी किती वाजता घेतली. रात्री घड्याळ पाहू नये, अंदाज पुरतो. समजा, कुणी ११ ते ७ असे ८ तास अंथरुणात असतो आणि साडेपाच तास झोपतो. म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी झोप ६९ टक्के. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत अशी की अंथरुणातला वेळ झोपेइतकाच करायचा. उठायची वेळ साडेसहा ठरली, तर रात्री एकच्या आधी आडवं व्हायचं नाही, दुपारीही नाही. झोपेचा दाब साठतो आणि तुटक झोप सलग होऊ लागते. आठवडाभराची टक्केवारी ८५ ते ९० च्या वर गेली, की १५ मिनिटं आधी झोपायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशेब. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. अंथरुणात जाग वीसेक मिनिटांवर लांबली आहे असं वाटलं, तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बसावं, पेंग आली की परत यावं. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला हा नियम कंटाळवाणा आहे, पण काम करतो.

पहिले दोन आठवडे दिवसा जास्तच मरगळ येते, बरेच जण तिथेच सोडून देतात. त्या काळात वाहन चालवणं टाळावं. द्विध्रुवी आजार, फिट्स, झोपेत चालण्याची खोड असेल, तर हे एकट्यानं करू नये. झोप तोडल्यानं उन्माद किंवा झटका येऊ शकतो. द्विध्रुवी आजारात अंथरुणातला वेळ साडेसहा तासांच्या खाली नेत नाहीत आणि भर ठरलेल्या वेळी उठण्यावर देतात.

झोपेच्या गोळ्या लागल्याच, तर दोन-चार गोष्टी पक्क्या धराव्यात. झोल्पिडेम पुढे ७-८ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यावी. पहाटे तीनला घेतली तर सकाळी गाडी चालवताना ती अंगात असते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये स्त्रियांसाठी तिची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, ती याच कारणानं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम रोज घेत गेलं की शरीर सरावतं, आणि एकदम सोडली तर पूर्वीपेक्षा वाईट जागरण होतं, फिटही येऊ शकते. त्या उलटलेल्या जागरणाला लोक ‘मला गोळीशिवाय झोपच नाही’ याचा पुरावा मानतात. खरं तर तो सोडण्याच्या वेगाचा परिणाम असतो. क्वेटियापिन, मिर्टाझापिन अचानक थांबवली तरी असंच होतं. दारूनं झोप लवकर लागते पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग फाटतो, आणि या गोळ्यांसोबत ती श्वास मंदावते.

डॉक्टरांकडे जाताना वहीची पानं न्यावीत आणि एका कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा, वेळ, सुरू केल्याची आणि शेवटच्या बदलाची तारीख लिहावी. सर्दी, पोट, वेदना यांच्या गोळ्या आणि काढेही त्यात यावेत. सलग जागरणानं मरणाचे विचार येऊ लागले, तर गोळ्यांचा साठा त्याच वेळी घरच्या विश्वासाच्या माणसाकडे द्यावा, त्या रात्री एकट्यानं राहू नये आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं.