मोमिजीगारी

शरद ऋतूत रंग पालटलेली झाडे पाहण्यासाठी डोंगरातल्या जंगलात जाण्याची जपानी प्रथा. ‘मोमिजी’ म्हणजे रंगलेली पाने. रूढ अर्थाने मेपल वृक्ष, विशेषतः एसर पाल्मेटम ही जाती. ‘गारी’ (मूळ ‘कारी’) म्हणजे शिकार. प्रथेचे मूळ सामान्यतः हेइआन काळातील (७९४–११८५) दरबारी सहलींत मानतात. सर्वसामान्यांत ती एदो काळात (१६०३–१८६८) रुजली.

शिकारीचा शब्द पाने पाहण्याला कसा लागला, याबद्दल एकमत नाही. उमराव रंगलेल्या फांद्या मोडून हाती घेत, त्यावरून तो आला असे एक मत. मात्र द्राक्षे तोडायला किंवा अळंबी वेचायला जाणे यालाही जपानीत आजतागायत ‘गारी’च म्हणतात, त्यामुळे अर्थ टप्प्याटप्प्याने विस्तारत गेला, हे मत अधिक संभवनीय. ‘मान्योशू’ या आठव्या शतकातील काव्यसंग्रहात मोमिजी बहुधा ‘पिवळे पान’ अशा अर्थाच्या चिनी चिन्हांनी लिहिलेले आढळते. ‘लाल पान’ हे लेखन पुढे रूढ झाले. यामागे झाडांपेक्षा तत्कालीन चिनी काव्याचा संकेत असावा.

सिका हरणांच्या माजाचा काळ याच ऋतूत येतो आणि नराची लांबट, शिटीसारखी साद रानात दूरवर ऐकू येते. पाने तुडवत साद घालणारे हरीण ऐकले की शरद उदास वाटतो, अशा आशयाची एक कविता ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवींच्या एकेक कवितेच्या संग्रहात सारुमारू या कवीच्या नावावर आहे, ‘कोकिनशू’ या त्याआधीच्या काव्यसंग्रहात (सु. ९०५) मात्र ती निनावी आहे. पाने तुडवतो कोण, हरीण की ऐकणारा माणूस, हे मूळ रचनेतून निश्चित होत नाही. बहुतेक जण हरीण मानतात. कोकिनशूत ती हागी या झुडपाच्या कवितांशेजारी येते. तेव्हा ही पाने मेपलची नसून हागीची पिवळी पाने असावीत, हे मत ग्राह्य वाटते. तरीही मेपल आणि हरीण ही जोडी पुढे पक्की झाली. हानाफुदा या महिनावार चित्रांच्या जपानी पत्त्यांत ऑक्टोबरच्या पत्त्यावर हीच जोडी दिसते. हरणाच्या मांसालाही ‘मोमिजी’ म्हणतात.

रात्री गारठू लागल्या की हरितद्रव्य विघटित होते. गिंको या वृक्षाचा पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. मेपलचा लाल रंग मात्र त्याच सुमारास नव्याने तयार होतो. रंगांची ही लाट होक्काइदोतील दाइसेत्सुझान पर्वतावर सप्टेंबरात सुरू होऊन क्योतोला नोव्हेंबरअखेरीस पोहोचते. महाराष्ट्रातील पानगळ मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे होते. आपल्याकडे रानात लाली दिसते ती बहुधा कुसुमाच्या कोवळ्या पालवीची, वसंतात.

जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर एकाच पद्धतीने ऋतुनोंदी ठेवल्या. ठरवून दिलेल्या मेपलची बहुतेक पाने लाल दिसली की तो दिवस नोंदवतात. पानगळीचा दिवस वेगळा. याच नोंदींत खाटीक पक्ष्याची पहिली सादही असे. २०२१ पासून प्राण्यांच्या सर्व २३ नोंदी बंद झाल्या आणि वनस्पती ३४ वरून ६ वर आल्या. शरदातील नोंदींसाठी आता मेपल, गिंको आणि सुसुकी गवत एवढेच राहिले आहेत.