शीडही हवे, इंजिनही हवे: कुटुंबासाठी बोट निवडताना

आमच्याकडे बोट बघायला येणारे बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ एकच वाक्य बोलतात: "वारा असला की शिडावर जाऊ, पडला की इंजिनावर. मुले रमली पाहिजेत आणि एखादी रात्र बोटीवर काढता आली पाहिजे." मागणी रास्त आहे. अडचण एवढीच, की शिडाला जे अंग मानवते ते इंजिनाला मानवत नाही. शिडासाठी खोल कील (बोट कलू न देणारा, बुडाखालचा जड पंख), उंच डोलकाठी आणि पाण्याला कमीत कमी अडवणारे बूड लागते. इंजिनाला पाण्यात फिरणारा मोठा पंखा (प्रोपेलर), डिझेलची मोठी टाकी आणि वेग हवा असेल तर मागे रुंद, सपाट बूड लागते. घरच्यांना उंच छताची केबिन, सावली आणि न कलणारा डेक हवा असतो. तिघांचे भांडण ज्या बोटीत मिटलेले दिसते, तिथे प्रत्येकाने काहीतरी सोडलेले असते. तुम्ही काय सोडायला तयार आहात, ते ठरवण्यासाठी हे माहितीपत्रक.

आधी वेळेचा हिशेब

बोटीचे फोटो बघण्याआधी एक कागद घ्या आणि वर्षातले किती दिवस पाण्यावर जाणार ते प्रामाणिकपणे लिहा. त्यांतल्या किती दिवशी ठरल्या वेळी परत यावेच लागेल, तेही लिहा. कोणती बोट घ्यायची हे बरेचसे या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

समजा, मुक्कामाची जागा १४ सागरी मैलांवर (सुमारे २६ किलोमीटर) आहे आणि वारा नेमका तिकडूनच येतो आहे. कोणतीही शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, तिला नागमोडी जावे लागते. चांगली शिडाची बोट वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरते. पाण्यातून ती ५ नॉटने (म्हणजे ताशी ५ सागरी मैल) चालली तरी मुक्कामाकडे तिची प्रगती साडेतीन नॉटचीच होते, म्हणजे चार तास. जड बुडाची, आखूड डोलकाठीची 'मोटरसेलर' (शीड आणि मोठे इंजिन दोन्ही असलेली बोट) ६० अंशांच्या आत शिरायला कुरकुरते. ती ४ नॉटने चालली तर खरी प्रगती २ नॉटची, म्हणजे सात तास. हीच बोट इंजिन लावून साडेपाच नॉटने सरळ गेली तर अडीच तासांच्या आसपास पोचते. मागे कंटाळलेली मुले बसलेली असताना तुम्ही कोणता मार्ग घ्याल, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आमचा सल्ला थोडा उलटा आहे. ज्यांच्या हाती वेळ मोकळा आहे त्यांनी शिडाकडे झुकावे. ज्यांना रविवारी संध्याकाळपर्यंत घरी पोचायचेच आहे, त्यांनी इंजिनाला अर्ध्याहून जास्त मते द्यावीत, मग मनातून शीड कितीही प्रिय असो.

वेग कुठे अडतो

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर येते ते नॉटमध्ये. २५ फुटांना ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. ३६ फुटांना ८ नॉट. या वेगाला बोटीने उठवलेली लाट तिच्याच लांबीएवढी होते आणि बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. इथे दुप्पट ताकदीचे इंजिन लावले तर आवाज वाढतो, मागचे टोक खाली बसते, डिझेल संपते; वेग मात्र जेमतेम अर्धा-एक नॉट वाढतो. "इंजिन मोठे घालून द्या" असे म्हणणाऱ्यांना आम्ही हे दरवेळी समजावतो आणि दरवेळी कोणीतरी रुसते.

या मर्यादेच्या पलीकडे जायचे तर बोटीने पाण्यावर उचलले जाऊन घसरत पळायला हवे. त्यासाठी ती हलकी हवी, आणि वाऱ्यात उभी राहायला तर तिला वजन हवे. या पेचावर एक चतुर तोड आहे, ती म्हणजे पाण्याचा भार. शिडावर जाताना बुडातली टाकी पाण्याने भरायची, इंजिनावर पळताना रिकामी करायची. अमेरिकेतली मॅकग्रेगर २६एक्स ही या जातीची सर्वांत गाजलेली बोट. तिच्या टाकीत सहाशे किलोहून अधिक पाणी मावते, मागे ५० अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून टांगलेले, इंजिन लागते आणि गाडीमागे ट्रेलरवर घालून ती कुठेही नेता येते. शिडाचे जाणकार तिला नाके मुरडतात. तिची उंच बाजू वारा धरते, वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, ती फारशी चढत नाही, हे खरेच आहे. पण उथळ किनाऱ्यावर पोरांना उतरवून, दुपारी शीड लावून, ढग दिसताच झटकन परतणारी दुसरी बोट त्या आकारात शोधून दाखवा.

अशा बोटीचा एक नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. टाकी रिकामी असताना शीड उभारायचे नाही, आणि उत्पादकाने त्या स्थितीसाठी सांगितलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचा नाही. भार नसलेली ही बोट कलली तर आपोआप सरळ होईलच असे नाही. टाकी अर्धवट भरलेली असेल तर आणखी वाईट, कारण आतले पाणी कलत्या बाजूलाच धावते.

बुडाखाली काय आहे

लांब कीलची बोट सरळ रेषेत गाडीसारखी चालते, पण धक्क्याजवळ मागे घ्यायची म्हटली की हट्टी होते. खोल, अरुंद फिन कील वाऱ्यावर उत्तम चढते. मात्र मध्यम बोटीलाही त्यासाठी दीड-दोन मीटर पाणी लागते, आणि मुलांना आवडणाऱ्या बहुतेक जागा त्याहून उथळ असतात. जुळ्या कीलची बोट ओहोटीला दोन पायांवर उभी राहते. वाऱ्यावर ती थोडी मागे पडते, पण ओल्या वाळूत बोटीभोवती धावणारी मुले पाहिली की त्याचे काही वाटत नाही. उचलता येणारी कील या सगळ्यांतला मधला मार्ग आहे. तिच्या विंचकडे (दोर गुंडाळणाऱ्या चरखीकडे), दोराकडे आणि बिजागरीकडे दरवर्षी बघावे लागते, आणि तिची पेटी केबिनच्या मधोमध जागा खाते.

कॅटामरानचा, म्हणजे दोन बुडे जोडलेल्या बोटीचा, विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: कलत नाही, जागा भरपूर, दोन इंजिने असली तर जागच्या जागी वळते. पण सामान वाढले की वेग झपाट्याने घटतो, आणि बांधायला रुंद जागा लागते.

इंजिन, पंखा आणि टाकी

पाणी सारत चालणाऱ्या बोटीला टनामागे ४ ते ५ अश्वशक्ती सहसा पुरते. समोरून लाटा घेत जायचे प्रसंग वारंवार येणार असतील तर थोडी जास्त घ्या. पाच टनांच्या बोटीला २५ ते ३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन म्हणजे चैन.

एक लिटर डिझेलमधून अंदाजे ५ अश्वशक्ती तासभर मिळते. इंजिनाकडून १५ अश्वशक्ती घेत साडेपाच नॉटने चाललात तर तासाला तीन लिटर लागतात. टाकी १०० लिटरची असेल तर एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेले राखीव, हा जुना नियम पाळा. राखीव न मोजता १२० सागरी मैल मिळतात. उलट ५० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण जोरात तासाला १५ ते २० लिटर पिते. वेग हवा असणाऱ्यांनी हा आकडा आधीच घरी सांगून ठेवावा.

पंख्याकडे ग्राहकांचे लक्ष जात नाही आणि आम्हाला त्याबद्दलच सर्वांत जास्त बोलायचे असते. तीन पात्यांचा स्थिर पंखा इंजिनावर जोरकस चालतो, पण शिडावर जाताना बुडाखाली बादली बांधल्यासारखा ओढत राहतो आणि अर्धा-एक नॉट खातो. मिटणारा पंखा ही ओढ जवळजवळ घालवतो, पण साध्या बनावटीचा असेल तर मागे जाताना कमी जोर देतो. पाती प्रवाहाच्या दिशेने फिरवून घेणारा पंखा पुढे-मागे दोन्हीकडे चांगला चालतो. तो महाग आहे आणि त्याला वेळच्या वेळी ग्रीस लागते. दोन्ही कामे खरोखर करून घ्यायची असतील, तर केबिनच्या सजावटीत बचत करून हा पंखा घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे.

पेट्रोल इंजिन बोटीच्या आत बसवलेले असेल तर सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून आतली वाफ बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बुडात साचते. इंजिन कोणतेही असो, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला वास नाही.

शिडे

कुटुंबाच्या बोटीवर शीड एका माणसाला हाताळता आले पाहिजे, कारण दुसरा माणूस मुलांमागे असतो. पुढचे शीड गुंडाळता येणारे घ्या. मोठे शीड कॉकपिटमधूनच (सुकाणूजवळच्या बसण्याच्या खोलगट जागेतूनच) आखूड करता येते का, ते बघा. दोन डोलकाठ्यांच्या केचवर शिडे लहान असतात आणि जोराच्या वाऱ्यात मधले उतरवून पुढच्या-मागच्यावर आरामात जाता येते. जड मोटरसेलरवर ही मांडणी पुष्कळदा दिसते.

वारा अगदीच कमी असला तरी इंजिनावर जाताना मोठे शीड वर ठेवून घट्ट ओढून बघा. हेलकावे कमी होतात आणि पोटात ढवळणाऱ्यांना मोठा आराम मिळतो. मात्र एक ध्यानात ठेवा. शीड वर असले तरी इंजिनाने ढकलली जाणारी बोट १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार यंत्रचलित ठरते. शिडाच्या बोटीचा मान तिला मिळत नाही. दिवसा तिने पुढे टोक खाली केलेला शंकू टांगायचा असतो आणि रात्री यंत्रचलित बोटीचे दिवे लावायचे असतात. हा शंकू बहुतेक बोटींवर कुठल्यातरी कप्प्याच्या तळाशी पडलेला असतो. खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

घरच्यांच्या नजरेने

जाहिरातीत 'सहा जणांची झोपण्याची सोय' लिहिलेले असते. त्यांतल्या दोन जागा जेवणाचे टेबल पाडून होतात, आणि एक अशी असते की तिच्यावर झोपणाऱ्याला उठवल्याशिवाय कोणाला शौचालयात जाता येत नाही. सहाची बोट चौघांची धरा.

आतून सुकाणू धरता येणारी बंदिस्त खोली पावसात आणि कडक उन्हात सोन्याच्या मोलाची. पण तिच्यातून शीड दिसत नाही आणि तिची उंची वारा धरते. फक्त उन्हाचा त्रास असेल तर घट्ट बसणारे कापडी छत पुरते.

कॉकपिट खोल आहे का, आणि बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी) सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावरून जातो का, हे बसून आणि उभे राहून बघा. मागची शिडी पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का, हेही तपासा. ती फक्त डेकवरूनच सुटत असेल तर ती बदलून घ्या. मुलांच्या लाइफजॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर तरंगते आणि मूल खाली सरकते.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर ए ते डी असा दर्जा लिहिलेला असतो. सी म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा, बी म्हणजे ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटा. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बहुतेक कुटुंबांना सी पुरते. त्याच पाटीवर माणसांची संख्याही असते. ती मोजताना पाहुणेही धरा.

वापरलेली बोट घेत असाल तर

दोन्ही कामे करणाऱ्या बोटीत बिघडण्याच्या जागाही दुप्पट असतात. डोलकाठीला धरणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरा. सेलड्राइव्ह (इंजिनातून सरळ बुडाखाली उतरणारा, पंखा फिरवणारा पाय) असेल तर बुडातल्या रबरी पडद्याचे वय विचारा. काही उत्पादक तो सात वर्षांनी बदलायला सांगतात. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा.

चाचणीची फेरी

निवांत, बिनवाऱ्याच्या सकाळी कोणतीही बोट आवडते. म्हणून आम्ही शक्यतो ब्यूफोर्ट ४ च्या आसपास, म्हणजे ११ ते १६ नॉट वाऱ्यात फेरी देतो. घरातल्या ज्या माणसाला बोटीची सर्वांत कमी हौस आहे, त्याला किंवा तिला घेऊन या. बोट वापरली जाणार की धक्क्यावर बांधून राहणार, हे बहुधा त्याच माणसावर ठरते.

इंजिनाच्या प्रवासी वेगाला केबिनमध्ये दोघांनी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. मग इंजिन बंद करून शिडावर चार-पाच वेळा वळा; एखाद्या वळणाला बोट वाऱ्यात अडकून उभी राहिली तर ते लिहून ठेवा. शीड आखूड करा. एक फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीला टांगायची हवेची उशी) पाण्यात टाका आणि तो उचलून आणायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा, एकदा शिडावर, एकदा इंजिनावर. शेवटी धक्क्याजवळ बोट मागे घ्या, तेही तुम्ही स्वतः. आमचा माणूस शेजारी उभा असेल. फेरीला तीन तास धरा आणि मऊ, पांढऱ्या तळव्याचे बूट घालून या.