हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला चाललात? टेंट नेण्याआधी हे वाचून घ्या

दिवाळी आटोपली की दुकानात एकच विचारणा, भाऊ हरिश्चंद्रगडाला जाऊन राहिलो, दोन टेंट भाड्याने द्या. आणि परत आले की तक्रारही एकच, तुमचा टेंट गळून राहिला होता. पाऊस नव्हता, फोटोत तारे स्पष्ट दिसून राहिले, तरी म्हणे टेंट गळला! म्हणून हा कागद छापला, पावतीसोबत देतो. वाटेत वाचा, नागपूरहून निघालं की वेळच वेळ असतो.

तर ते पाणी तुमचंच असतं. दोघं-तिघं आत झोपतात, वारा झोंबतो म्हणून चेन खालपर्यंत ओढतात, वरची जाळीची खिडकीही बंद करतात, मग रात्रभराच्या श्वासातली पेलाभर तरी वाफ जाणार कुठं? बाहेरचं कापड गार पडलेलं असतं, त्याला आतून थेंब धरतात, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला धरतात तसे, आणि पहाटे कोणाचं कोपर लागलं की सगळे एकदम तोंडावर. वरची खिडकी बंद करू नका, चेन वरून वीतभर उघडी ठेवा. गार लागेल थोडं, पण त्याच्यासाठी स्लीपिंग बॅग आहे ना. आणि फ्लायच्या, म्हणजे त्या बाहेरच्या कापडाच्या, दोऱ्या ताणून बांधा, फ्लाय आतल्या कापडाला टेकली की पाणी आत झिरपतंच.

दोऱ्यांचं निघालं म्हणून, गडावर पुष्कळ ठिकाणी वर बोटभर माती आणि खाली कातळ. पेग, म्हणजे दोरी बांधायची खुंटी, जमिनीत जात नाही, मग लोक दगडाने ठोकत बसतात अन् पेगचा आकडा करून आणून देतात. नाही गेला तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा. कोकणकड्याच्या धारेजवळ टेंट अजिबात नको, तिथं वारा दरीतून वर येतो आणि रिकामा टेंट उचलतो. कडा बघायला जा, झोपायला मागे सरका.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हा कागद आहे ते. सकाळी उजाडलं की सगळ्यांना घाई, केदारेश्वराची गुहा बघायची, तारामती शिखरावर जायचं, म्हणून ओलाच टेंट गुंडाळून पिशवीत कोंबतात. तो तसाच पायथ्याच्या पाचनई गावाला उतरतो, तिथून गाडीच्या डिक्कीत, भर उन्हात समृद्धी महामार्गाने नागपूर, आणि तुम्ही थकलेले म्हणून अजून दोन दिवस घरी कोपऱ्यात. आम्ही पिशवी उघडली की आधी वास येतो, मग शिवणीवर काळे ठिपके दिसतात, ते धुतल्याने जात नाहीत. आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं. ते गेलं की टेंट खरोखरच गळतो, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो.

उलटं करा. टेंट उभाच ठेवा, दोन्ही चेनी उघडा, खायचं सामान आत सोडू नका आणि आधी फिरून या. ऊन वर आलं की फ्लाय काढून आतली बाजू वर करून खडकावर पसरा, कोरडी झाली की झटकून मग घडी. धुकं असेल आणि वाळणं शक्यच नसेल तर फ्लाय वेगळ्या पन्नीत आणा, घरी पोचल्या पोचल्या गॅलरीत टाका किंवा पंख्याखाली पसरा, आंघोळ नंतर.

ओला टेंट आला की आम्ही डिपॉझिटमधून वाळवणीचे पैसे कापतो, त्यावरून वाद होतो. पण असा टेंट गच्चीवर टाकावा लागतो, तेवढे दिवस तो भाड्याने जात नाही, हे कोणी मोजत नाही. तसंच नेताना दुकानासमोर तुमच्याकडून एकदा लावून घेतो, लोकांना वाटतं टाइमपास. गडावर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर कोणता पोल कुठं ते शोधून बघा म्हणजे कळेल. ऑनलाइन स्वस्तातले मिळतात ते बरेचदा एकाच कापडाचे, त्यात हे पाणी जास्त. आमचे सगळे डबल लेयर आहेत. दोघं असाल तर तिघांचा न्या, भाड्यात फार फरक नाही आणि भिंतीला अंग लागत नाही.

थंडीबद्दल, नागपूरची थंडी पाहिली आहे आम्ही, असं सगळेच म्हणतात. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, गड १४२४. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, वरून वारा, आणि खालून दगड गार. चादरीवर भागत नाही, मॅट घ्याच, स्लीपिंग बॅगसोबत घेतली तर कमी लावतो.

वाट पाचनईचीच धरा, सोपी आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीची लांब पडते, आणि नळीच्या वाटेने आमचं सामान नेऊ नका, तिथं पाठीवर मोठी बॅग म्हणजे जिवाशी खेळ. बाइकवाल्यांनो, समृद्धीवर टू-व्हीलर सोडत नाहीत, जुन्या रस्त्याचा हिशोब धरा. गड अभयारण्यात येतो, शेकोटी करू नका, आणि मुक्कामाचे नियम बदलत असतात म्हणून निघण्याआधी पाचनईत कोणाला तरी फोन करून विचारा. जेवण गावातलेच लोक देतात, पिठलं-भाकरी, आधी सांगितलं तर गरम मिळते, म्हणून गॅस-भांडी उगाच वाहून नेऊ नका, आमच्याकडे असली तरी.

जोडून सुट्टी आली की मोठे टेंट आधी संपतात. तारीख ठरली की लगेच सांगून ठेवा, आणि टेंट न्यायला आदल्या संध्याकाळी या, निघायच्या सकाळी नको, लावून बघायला अर्धा तास लागतो.