‘एक्स कॅथेड्रा’ : खुर्चीवरून बोलणे म्हणजे काय?

एखादा माणूस पुरावा न देता, शंकेला जागाच न ठेवता निकाल देऊन मोकळा झाला की तो ‘एक्स कॅथेड्रा’ बोलला, असे इंग्रजीत म्हणतात. हे लॅटिन क्रियाविशेषण सतराव्या शतकात इंग्रजीत आले. कॅथेड्रा म्हणजे खुर्ची. शब्द मूळ ग्रीक. बिशप खुर्चीत बसून शिकवण देई, आणि ती खुर्ची जिथे असते ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यातल्या ‘से’ कॅथेड्रलमधला पोर्तुगीज ‘से’ही आसनाचाच. आपल्याकडे मठाच्या गादीवरून आज्ञा निघते, तसेच हे.

आजचा काटेकोर अर्थ मात्र १८७० चा. त्या वर्षी व्हॅटिकनमधल्या बिशपांच्या परिषदेने ठरवले की पोप सर्व ख्रिश्चनांचा मेंढपाळ व शिक्षक म्हणून, सर्वोच्च अधिकाराने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीचा सिद्धान्त साऱ्या चर्चवर बंधनकारक म्हणून जाहीर करतो, तेव्हा तो चुकू शकत नाही. यातली एक अट जरी सुटली तरी ते बोलणे ‘एक्स कॅथेड्रा’ नव्हे. पोपचे प्रवचन, मुलाखत, परिपत्रक यांना ही मोहोर आपोआप लागत नाही. तरीही पोपचा शब्द न् शब्द अचूक मानला जातो, हा गैरसमज अजून टिकून आहे.

खरा वाद पेटला तो एका वाक्यांशावरून. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ होकार, ८८ नकार आणि ६२ सशर्त होकार पडले. विरोधकांची मागणी साधी होती: पोपच्या निर्णयामागे चर्चची साक्ष असावी. झाले उलटेच. शेवटच्या मसुद्यात असे निर्णय ‘आपल्याच बळावर’ अपरिवर्तनीय आहेत, या शब्दांना ‘चर्चच्या संमतीने नव्हे’ अशी जोड मिळाली. समजुतीचा मार्ग इथेच बंद झाला. पन्नासहून अधिक बिशपांनी पोपला पत्र लिहून रोम सोडले; पोपच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे त्यांना जड गेले. १८ जुलैला ५३३ विरुद्ध २ मतांनी ठराव झाला. ते दोन बिशप दक्षिण इटली आणि अमेरिकेतल्या आर्कान्सासचे. दोघांनीही लगेच निर्णय मान्य केला. ५३३ या आकड्यातून एकमत दिसते, पण रिकाम्या खुर्च्याही मोजायला हव्यात. पुढे जर्मन भाषिक प्रदेशांत काही कॅथलिक वेगळे झाले. ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी फ्रान्स-प्रशिया युद्ध जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या. परिषद अर्धवटच राहिली.

त्यानंतर हा अधिकार निर्विवादपणे एकदाच वापरला गेला: १ नोव्हेंबर १९५० रोजी, येशूची आई मरिया हिच्या सदेह स्वर्गारोहणाच्या सिद्धान्तासाठी. १८५४ चा मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे ती आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, हा सिद्धान्तही याच प्रकारात धरतात, पण तो परिषदेच्या आधीचा. १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे पोपच्या पत्राने सांगितले. ती शिकवण अचूक आहे, पण पत्र स्वतः ‘एक्स कॅथेड्रा’ नाही; तिला चर्चच्या नेहमीच्या, सर्वत्रच्या शिकवणीचा आधार आहे, असा खुलासा १९९५ मध्ये व्हॅटिकनमधून आला. तो सर्व धर्मशास्त्रज्ञांना पटलेला नाही.